पट्ट्याकडचं बेअरिंग

९ मे

मोजणीबाईंस, बाबांकडून.

फोनवर तू "बरं" म्हणतेस आणि ठेवून देतेस. पत्राला मध्येच "बरं" म्हणता येत नाही. ते शेवटपर्यंत वाचावं लागतं, नाहीतर फाडावं लागतं. फाडलंस तरी माझी हरकत नाही, पण वाचून फाड.

पहिली गोष्ट, मी माफी मागणार नाही. मावशीने काल आईला विचारलं म्हणे, की भाऊजींना काही वाटतंय का. वाटतंय, म्हणूनच लिहायला बसलोय. पण माफी चुकीची मागायची असते, आणि त्या दिवशी मी केलं ती चूक नव्हती.

मावशीला सांगताना तू बरंच गाळलंस, असं आईच्या बोलण्यावरून दिसतं. म्हणून झालं ते क्रमाने लिहून ठेवतो. इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलींना शिष्यवृत्ती देणारी ती संस्था घराची पाहणी करायला माणूस पाठवणार होती. समोरच्या काकूंनी तुझ्या डोक्यात भरवलं की अशा वेळी घर थोडं उतरवून दाखवायचं असतं. सगळे दाखवतात. त्यांच्या भाचीच्या वेळी तर त्यांनी भिंतीवरचं घड्याळसुद्धा काढून ठेवलं होतं. मग मी दुकानात मोटरी दुरुस्त करत असताना तू आणि काकूंनी मिळून फ्रिज, कपडे धुण्याचं यंत्र आणि कूलर त्यांच्या घरी ढकलत नेलं. मी जेवायला आलो तर भिंतीवर फ्रिजच्या आकाराचा स्वच्छ चौकोन, आणि पलंगावर विटकी चादर. तूही स्वतःचा चांगला ड्रेस सोडून आईचा जुना घातला होतास. मी क्षणभर ओळखलं नाही तुला.

मी दुकानातून ढकलगाडी आणली आणि तिन्ही वस्तू परत जागेवर लावल्या. काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, भाऊजी, मुलीच्या मुळावर उठू नका. मी म्हटलं, वहिनी, वायर पायात येतेय, जरा सरका.

ते पाहणीचे गृहस्थ सज्जन होते. त्यांना मी एकेक वस्तू उघडून दाखवली. फ्रिज कोणीतरी रस्त्यावर टाकलेला, त्याचा कॉम्प्रेसर मी जिवंत केला. धुण्याच्या यंत्राची मोटर मी भरली, म्हणजे जळलेली तार काढून नवी तांब्याची तार वेढे मोजून बसवली, आणि ते वेढे तू मोजलेस, तेव्हा तुला शंभरापुढचे आकडे नुकते येऊ लागले होते, मोजणीबाई हे नाव पडलं ते तेव्हाच. कूलरचा तर पंखासुद्धा मी कापलेला. आमच्या घरात एकही वस्तू दुकानातून घेतलेली नाही आणि एकही मेलेली नाही, असं मी त्यांना म्हणालो. त्यांनी मान डोलावली आणि कागदावर लिहिलं: फ्रिज, वॉशिंग मशीन, कूलर, सर्व सुस्थितीत. मला तो शब्द आवडला होता, हे खरं आहे.

मग संस्थेचं उत्तर आलं की आर्थिक निकषात बसत नाही. आणि तू म्हणालीस, "बाबा, तुम्हाला माझ्या ॲडमिशनपेक्षा तुमचा फ्रिज मोठा वाटला," आणि मावशीकडे निघून गेलीस.

त्याचं उत्तर आज देतो. कॉलेजची फी माझ्या आवाक्याबाहेर आहे, हे मी कोणापासून लपवलं नाही. त्या गृहस्थांनाही सांगितलं. पण आवाक्याबाहेर असणं वेगळं आणि केविलवाणं असणं वेगळं. पहिलं मी सही करून देईन. दुसरं मी नाही आणि तूही नाहीस.

जुलैअखेरपर्यंत कॉलेज तुझी जागा राखून ठेवणार आहे. नाही जमलं तर ऑगस्टपासून मावशीचे यजमान तुला तिकडच्या एका फ्रिज-कूलरच्या शोरूमच्या काउंटरवर लावून देणार आहेत, हेही मला कळलं आहे. काउंटरवर बसण्यात कमीपणा नाही. पण ज्या मुलीला मोटर उघडी बघितल्याशिवाय चैन पडत नाही तिने आयुष्यभर बंद खोकी विकायची, हे मला मान्य नाही. शिष्यवृत्ती मी शोधतो. तू तिकडे अभ्यास कर.

बाकी घरी ठीक. दारावरची बेल बिघडली आहे. लोक बाहेर ताटकळतात आणि मलाच बोल लावतात. वायर तपासली, बटण बदललं, दोष सापडत नाही.

बाबा


२४ मे

मोजणीबाईंस,

उत्तर नाही, पण मावशी म्हणाली पाकीट उशीखाली आहे. म्हणजे फाडलं नाहीस.

शिष्यवृत्त्या शोधणं हे एक स्वतंत्र काम आहे, हे मला आता कळलं. झेरॉक्सवाल्याच्या दुकानात संगणकापुढे बसतो. तो मला विचारतो, मिस्त्री, नवीन धंदा का? मी म्हणतो, जुनाच, पण जळालेलं कुठे आहे ते सापडत नाहीये.

मुलींनी विज्ञान शिकावं, यंत्रं शिकावीत, असं म्हणणाऱ्या संस्था भरपूर आहेत. त्यांच्या पानांवर मुलींची चित्रं आहेत. सगळ्या मुलींनी पांढरे कोट घातलेत आणि सगळ्या एकाच काचेच्या नळीकडे बघून हसताहेत. नळीकडे बघून कोण हसतं? त्याखाली अटी. एका ठिकाणी मागच्या वर्षीचीच तारीख, म्हणजे दुकान बंद आणि पाटी चालू. एका ठिकाणी वडील त्यांच्याच कारखान्यात नोकरीला हवेत. एक तर दुसऱ्या वर्षाला पोचलेल्या मुलींनाच मिळते. पहिलं वर्ष कुठून पार करायचं, ते लिहिलेलं नाही. मी त्यांना फोन करून हेच विचारलं. पलीकडच्या मुलाने सांगितलं की सूचना वर कळवतो. कळव बाबा.

एका ठिकाणी लिहिलं होतं की वडील हयात नसल्यास प्राधान्य. मी ते घरी मोठ्याने वाचलं. तुझी आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तेवढ्या एकीसाठी घाई करू नका."

आणि प्रत्येक अर्जात एक चौकोन असतोच: तुम्ही कोणत्या अडथळ्यांवर मात केलीत? झेरॉक्सवाला या चौकोनाचा तज्ज्ञ आहे. त्याच्याकडे तयार मजकूर आहेत. त्याने मला एक वाचून दाखवला, त्यातल्या मुलीच्या बापाने तिची पुस्तकं जाळली होती. मी विचारलं, खरंच? तो म्हणाला, खरं कोण बघतं, पण गेल्या वर्षी मिळाली तिला. मला म्हणाला, तुम्ही पुस्तकं नका जाळू, नुसता विरोध केला एवढं टाकू. मी त्याला म्हटलं की माझ्या मुलीच्या हातात मी पहिलं पुस्तक दिलं ते मोटरींचं होतं, आणि ते मी स्वतः शब्दकोश घेऊन वाचलेलं होतं, कारण मला शिकवायला कोणी नव्हतं. तो म्हणाला, हे चालणार नाही, यात दुःख नाही.

तर अशा सगळ्या गाळून एक उरली. संस्था लहान आहे, नाव मोठं नाही. त्यांचं पान अगदी साधं, नळीकडे बघून हसणाऱ्या मुली नाहीत. अट एकच वेगळी: मुलीने स्वतः काहीतरी बनवलेलं असावं आणि ते घराबाहेर, खऱ्या कामाच्या जागी, चालवून दाखवावं. ज्याच्या जागी चालवलं त्याने काय झालं ते लिहून द्यावं. लिहून देणारा नातेवाईक नसावा. संपूर्ण अभ्यासक्रमाची फी ते भरतात. उत्पन्नाचा दाखला लागतो, पण घर बघायला कोणी येत नाही.

तुझा डबा दुकानातल्या फळीवर आहे. धूळ मी पुसली. तो मोटरीच्या अंगाला लावला की थरथर मोजतो आणि बेअरिंग जाणार असेल तर आधी सांगतो, असं तुझं म्हणणं. माझं मत तुला माहीत आहे. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरीवर आणि मूठ कानावर ठेवली की मला त्या बेअरिंगची जन्मकुंडली कळते. माझ्या दृष्टीने तुझा डबा म्हणजे बिस्किटांचा डबा, त्यात बिस्किटांऐवजी तारा. पण ते माझं मत. संस्थेला माझं मत नको आहे.

अर्ज भरायला सुरुवात केली आहे. तुझ्या फोनवर सहा आकडे येतील. ते मला पाठव. बाकी काही लिहू नकोस, आकडेच पाठव.

बाबा


१२ जून

मोजणीबाईंस,

आकडे आले. नुसते आकडे, ना बाबा ना काही. पण आले, आणि मुदतीच्या आत आले. आईने माझ्या हातून फोन घेऊन ते आकडे दोनदा वाचले. वाचण्यासारखं त्यात काय होतं, ते तिलाच माहीत.

त्यानंतर तुझा दुसरा निरोप: "आधी मला विचारायचं होतंत. आता केलंच आहे तर डबा लाँड्रीत लावा. पंख्याकडे नाही, पट्ट्याकडे लावा." जागा चांगली निवडलीस, हे मान्य करतो. लाँड्रीवाल्या बाईंकडे रुग्णालयाच्या चादरी येतात, यंत्रांना दिवसभर उसंत नसते, आणि त्या बाई स्पष्टवक्त्या आहेत. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, तुमच्या पोरीचा डबा आहे ना, लावा हवा तिथे, फक्त माझ्या चादरींत तार घालू नका.

कपडे पिळायच्या मोठ्या यंत्राच्या मोटरीवर लावला. तू सांगितलंस तसा, जिथून पट्टा निघतो त्या बाजूला. दोन दिवस हिरवा दिवा होता. मग पिवळा. परवापासून लाल.

आता नीट वाच. मी स्वतः स्क्रूड्रायव्हर लावून ऐकलं. रिकामं यंत्र, भरलेलं यंत्र, दोन्ही बाजूंनी. बेअरिंग गुळगुळीत चालतंय. कुरकुर नाही, खरखर नाही, लोण्यातून सुरी फिरावी तसं. बाईंनी विचारलं, "मिस्त्री, दिवा लाल आहे, यंत्र थांबवू?" मी म्हटलं, "चालू दे, डब्याला अजून शिकायचंय."

तुझ्या डब्याची लाल दिव्याची पातळी चुकली आहे, ती वाढव, असं मी काल कळवलं. तुझं उत्तर आलं: "डबा बरोबर आहे. बेअरिंग काढून बघा." चांगलं चालणारं यंत्र उघडायचं नसतं, हे मी तुला तू टेबलाएवढी होतीस तेव्हा शिकवलं आहे. तीस वर्षं या कानावर घर चाललं. मी उघडणार नाही.

चुकीचा लाल दिवा अर्जात गेला तर तुझंच नुकसान होईल, म्हणून सांगतो. रागाने नाही.

बेलचा दोष अजून सापडलेला नाही. नवीन आणली, तीही तशीच. हल्ली माल फार निकृष्ट येतो. फोनही हलक्या आवाजात वाजतो.

बाबा


२१ जून

मोजणीबाईंस,

उत्पन्नाचा दाखला मिळाला. कचेरीत दोन खेपा झाल्या, कारण पहिल्या खेपेला माझ्या आडनावात त्यांनी एक काना जास्त दिला आणि मी तो खोडून नवीन मागितला. कारकून म्हणाला, काका, एका कान्याने काय बिघडतंय. मी म्हटलं, तुमच्या नावात घालून बघा.

तुझा फोटो झेरॉक्सवाल्याने लहान करून करून असा केला की नाक गेलं. परत काढून घेतला. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका चढवल्या. कॉलेजचं जागेचं पत्र चढवलं. त्या संस्थेला एक पान हवं आहे, तू हा डबा का बनवलास यावर. ते तूच लिही. मला दाखवलं नाहीस तरी चालेल. दहा जुलै ही शेवटची तारीख आहे.

इकडे हवा बरी आहे. दुकानात काम आहे. लाँड्रीत थोडं काम निघालं, ते करतोय. आणखी विशेष काही नाही.

बाबा

ता. क. हे मी लिहितेय, आई. पाकीट चिकटवायच्या आधी घेतलं. विशेष काही नाही म्हणे. मंगळवारी लाँड्रीतलं ते यंत्र भर कामात अडकलं, पट्टा तुटला, मोटर जळाली, धूर झाला. कोणाला लागलं नाही. तेव्हापासून हे जेवणात मीठ आहे की नाही तेही सांगत नाहीत. बेअरिंग काढून आणलंय, टेबलावर ठेवलंय, आणि त्याच्याकडे बघत बसतात. आणि बेलला काही झालेलं नाही. बेल मला ऐकू येते, काकूंना त्यांच्या घरातून ऐकू येते. ह्यांनाच येत नाही. मी बोलले तर म्हणतात, तू कल्पना करतेस. तू काही बोलू नकोस अजून. पण फोन कर. मी उचलेन.


२ जुलै

मोजणीबाईंस,

आईने मागच्या पत्रात काय घुसडलं ते मला कळलं. पाकिटाला गोंद जास्त होता. तेव्हा आता मीच लिहितो, कारण दुसऱ्याने सांगितलं की तपशील चुकतात.

बेअरिंग गेलं. पट्ट्याकडचं. तुझ्या डब्याने सांगितलं तेच, आणि जिथलं सांगितलं तिथलंच. आतल्या कड्याला उभा तडा आहे आणि एका गोळीचं कातडं सोललं आहे. मी भिंग लावून पाहिलं. मी "चालू दे" म्हटलं आणि ते गेलं.

मोटर मी भरून दिली. बाईंनी तसं काही म्हटलं नव्हतं, पण माझ्या शब्दावर चालवली होती.

मग कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. कोणी नेलं नाही, स्वतः गेलो. काचेच्या खोलीत बसवून त्यांनी आवाज दिले. जाड आवाज सगळे ऐकले. मग बराच वेळ त्या काहीच देईनात. मी म्हटलं, सुरू करा की. त्या म्हणाल्या, काका, मी मघापासून देतेय. वरचे बारीक आवाज गेलेत. एवढी वर्षं हातोडी, ग्राइंडर आणि चाचणीला लावलेल्या मोटरी यांच्यात बसल्यावर ते जातात, आणि जाताना सांगून जात नाहीत. बेअरिंगचं दुखणं सुरू होतं तेव्हा पहिला आवाज नेमका तिथलाच, बारीक. मला ऐकू येईपर्यंत ते मरायला टेकलेलं असतं. लोण्यातून सुरी, असं मी तुला लिहिलं होतं. ते लोणी माझ्या कानात होतं.

पुरे झालं ते. आता कामाचं.

अर्जाला बाईंचं पत्र लागणार होतं. मी लाँड्रीत गेलो. बाईंनी पत्र आधीच लिहून ठेवलं होतं, चांगल्या मनाने. वाचलं आणि माझं डोकं फिरलं. लिहिलं होतं: मुलीने वडिलांच्या कुशल मार्गदर्शनाखाली उपकरण बनवले, त्याचा आम्हास खूप उपयोग झाला. मी विचारलं, काय उपयोग झाला? यंत्र जळालं ना तुमचं? त्या म्हणाल्या, "मिस्त्री, तुमची एवढ्या वर्षांची ओळख. तुमचं नाव खाली जाईल असं मी कसं लिहू?"

"झालं तसं लिहा."

"लोक वाचतील ते."

"वाचायलाच पाठवतोय."

त्यांनी मग नवा कागद घेतला. लिहीत गेल्या, मी समोर बसून ऐकत होतो. त्यांनी लिहिलं की उपकरणाने धोका दाखवला पण आमचं दुर्लक्ष झालं. मी म्हटलं, आमचं नाही. तुम्ही विचारलंत थांबवू का, मी नको म्हटलं. माझं लिहा. त्यांनी खोडलं. मग लिहिलं, पंख्याकडचं बेअरिंग. मी म्हटलं, पट्ट्याकडचं. त्या वैतागल्या, काय फरक पडतो? मी म्हटलं, सगळा फरक पडतो. पंख्याकडचं म्हटलं तर डबा चुकला आणि पट्ट्याकडचं म्हटलं तर मी चुकलो. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, स्वतःच्या विरुद्ध एवढं बारकाईने भांडणारा माणूस मी पहिल्यांदा बघतेय.

शेवटी पत्र झालं ते असं, नक्कल माझ्याकडे आहे: "मुलीच्या उपकरणाने पट्ट्याकडचे बेअरिंग खराब असल्याचे सांगितले. तिचे वडील या कामातले जाणकार आहेत. त्यांनी ऐकून ते चांगले असल्याचे सांगितले व यंत्र चालू ठेवण्यास सांगितले. आठवड्याच्या आत तेच बेअरिंग फुटून मोटर जळाली. उपकरण बरोबर होते. यापुढे मी दिवा बघून यंत्र थांबवीन." जाणकार हा शब्द मी काढा म्हटलं होतं, त्यावर मात्र त्या हटून बसल्या. म्हणाल्या, तो नसेल तर डब्याने कोणाला हरवलं ते कळत नाही. तेही बरोबर आहे.

हे पत्र मी स्वतः चढवलं. झेरॉक्सवाल्याने वाचलं आणि म्हणाला, मिस्त्री, हे गावभर होईल. मी म्हटलं, रंगीत काढ.

तो अडथळ्यांचा चौकोन याही अर्जात आहे, पण सक्तीचा नाही. त्यात काय भरायचं ते तू ठरव. मी चुकलो असं लिहायचं असेल तर लिही, पुरावा जोडलेला आहे. मी बिचारा आहे असं लिहू नकोस. त्याला पुरावा नाही.

फ्रिजबद्दल माझं मत तेच आहे. फक्त एक सुधारणा. त्या गृहस्थांना मी यंत्रं दाखवत होतो तेव्हा तू मागे उभी होतीस आणि त्यांना काहीतरी सांगायला दोनदा तोंड उघडलंस. मी मध्ये थांबलो नाही. तो अर्ज तुझा होता आणि बोललो मीच. घर खोटं दाखवायचं नाही हे बरोबर होतं. पण फ्रिजऐवजी त्यांना हा डबा दाखवायला हवा होता, आणि तू दाखवायला हवा होतास.

बाबा


२३ जुलै

मोजणीबाईंस,

संस्थेतल्या बाईंचा फोन आला होता, ते तुला आईने सांगितलं असेल. त्या स्वतः इंजिनिअर आहेत. मी फोनचा आवाज मोठा करून बोललो. त्यांनी खात्री करायला विचारलं, पत्रात म्हटलेले जाणकार वडील तुम्हीच का? मी म्हटलं, मीच. चुकलेले? म्हटलं, तेही मीच. मग त्यांनी बेअरिंगच्या तड्याबद्दल विचारलं, कड्याला उभा की आडवा, आणि आमचं त्यावर बराच वेळ बोलणं झालं. घरची परिस्थिती त्यांनी विचारलीच नाही. मीच शेवटी म्हटलं, घर बघायला यायचं असेल तर या, सगळं जागेवर आहे. त्या हसल्या. म्हणाल्या, आम्ही डब्याचं काम बघितलं, पुरे.

आणि काल तुझा निरोप. "झालं. फी थेट कॉलेजला गेली. जागा पक्की." आई रडली. मी दुकानात गेलो. एका पंपाचं काम उरलं होतं.

संध्याकाळी तुझं पाकीट आलं, डबा का बनवलास त्या पानाची प्रत. माझं पहिलं पत्र उशीखाली आहे एवढंच मला माहीत होतं. तुझंही काही मला येईल, ही अपेक्षा नव्हती. पान वाचलं. उभ्याने वाचायला घेतलं होतं, मग बसलो.

तू लिहिलंस की शाळेत असताना एकदा तू दाराबाहेर उभी राहून बेल वाजवत होतीस, खिडकीतून आत मी तारेचे वेढे मोजताना दिसत होतो आणि मान वर करत नव्हतो. तेव्हा तुला समजलं. कोणाला बोलली नाहीस. आईलाही नाही. तू लिहिलंस की वडिलांना सांगितलं असतं तर त्यांनी बेल बदलली असती. हे वाक्य वाचून तुझी आई इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मग तू लिहिलंस की वडिलांचा कान जे ऐकायचा ते हरवू नये, म्हणून तो ऐकायचा तशा सगळ्या बेअरिंगांची थरथर एकेक करून नोंदवली आणि डबा बनवला. ज्या डब्याला मी बिस्किटांचा म्हणालो त्यात तू माझाच कान भरून ठेवला होतास, आणि तो माझ्यापेक्षा तरुण निघाला.

अडथळ्यांचा चौकोन तू कोरा सोडलास. ते मी दोनदा तपासलं.

एका ठिकाणी चूक आहे, ती कॉलेजात कुठे हे पान द्यायचं झालं तर दुरुस्त कर. तू लिहिलंस, "वडिलांचा कान गेला." कान गेलेला नाही. वरचे बारीक आवाज गेलेत, खालचे शाबूत आहेत. डॉक्टरांनी काढलेला आलेख सोबत जोडतो. बेलही बदलली आहे, आता जाड आवाजाची लावली. काकू म्हणतात त्यांच्या घरातल्या भिंती हादरतात. हादरू देत.

दुकानासाठी मला एक डबा हवा. फुकट नको, गिऱ्हाईक म्हणून मागतोय. दिवा लाल झाला की मी यंत्र उघडीन. पण आधी स्क्रूड्रायव्हर लावून ऐकणार, सांगून ठेवतो. ती सवय जाणार नाही.

पहिल्या दिवशी कॉलेजात दोघं या म्हणालीस, येतो. येताना ते बेअरिंग आणा म्हणालीस, वर्कशॉपच्या सरांना दाखवायचं आहे. ते अजून टेबलावरच आहे. आई म्हणते एवढ्या मोठ्या ठिकाणी न्यायचं तर जरा रॉकेलमध्ये धुऊन, घासून, चकचकीत करून न्या. काकूंनी तर त्याच्यासाठी मखमलीची डबी काढली आहे.

धुणार नाही. काळं ग्रीस, तडा, सोललेली गोळी, सगळं जागच्या जागी ठेवून आणतो. बघू देत त्यांना जसं आहे तसं.

बाबा